सायकलवरून उतरायची रीत

पन्नाशी उलटलेला माणूस परभणीत सायकलवर दिसला की लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. मग आवाज जरा खाली आणून, घरचं सगळं ठीक आहे ना, असं विचारतात. 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. शुगर ही आमच्याकडे आता खात्यापित्या घरची खूण समजली जाते. नुसती सायकल मात्र संशयास्पद असते.

मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि डॉक्टरांनी खरंच सांगितलंय. घरात स्कूटी आहे, पण ती बायकोच्या ताब्यात असते. तिच्या मागे बसून कार्यालयात उतरलो असतो तर सायकलीपेक्षा जास्त दिवस चर्चा चालली असती. म्हणून सायकल. वसमत रोडच्या बाजूच्या आमच्या वसाहतीतून निघायचं, नाल्यावरचा लहान पूल ओलांडायचा, आणि फलकांच्या रांगेतून शहरात शिरायचं. या फलकांवर वाढदिवस असतात. ज्यांचे वाढदिवस असतात ते सगळे भावी असतात. भावी नगरसेवक, भावी सभापती, भावी आमदार. शहराला वर्तमानकाळ असा उरलेलाच नाही. मोटारसायकलवरून हे नुसते चेहरे दिसतात. सायकलवरून खालच्या शुभेच्छुकांची नावंही वाचून होतात आणि त्यातले किती जण परस्परांशी बोलत नाहीत तेही आठवतं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कार्यालयाने पर्यावरणाचा एक कार्यक्रम घेतला आणि त्यात माझा सत्कार केला. साहेब गाडीतून आले. चालकाने गाडी सुरूच ठेवली, म्हणजे परतताना आत गार असावं. साहेबांनी इंधनबचतीवर भाषण केलं. मला शाल, नारळ आणि एक रोप मिळालं. फेटाही आणला होता, पण तो मी बांधू दिला नाही. 'मी शुगर कमी करतोय, प्रदूषण नाही,' असं म्हणालो. लोक हसले. फेटा नाकारल्याचं मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. मानपानाच्या बाबतीत आपण बरे कोरडे आहोत, असं घरी जाताना मनात आलं.

हे समाधान खोटं होतं. कारण तोपर्यंत त्या नाल्याच्या पुलापलीकडे मला रोज सकाळी फेट्याहून मोठा मान मिळत होता, आणि तो मी घेत होतो. त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती, हे मला पुढे कळलं.

ते समोरून यायचे. जुनी काळी सायकल, मागे डबा, अंगात सुरक्षारक्षकाचा निळा शर्ट, टोपी हँडलला अडकवलेली. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी त्यांना ओळखलंही नव्हतं. त्यांनी मला ओळखलं. ब्रेक दाबून ते कडेला गेले, खाली उतरले, सायकल धरून उभे राहिले आणि मान किंचित लववून म्हणाले, "राम राम, धाकले मालक."

माझे केस पिकलेत, वरचे दोन दात गेलेत. पण आमचे वडील थोरले मालक होते, म्हणून मी धाकलाच.

आमचं गाव ताडकळसच्या बाजूला. गावात आमचं घर मोठं मानलं जायचं आणि आमच्या दारावरून जाताना सायकलवाला खाली उतरायचा, अशी रीत होती. आमच्या ओट्यावर कोणी बसलेलं असो वा नसो. कधी ओट्यावर फक्त आमचं कुत्रं पडलेलं असायचं. लोक त्याच्यासाठीही उतरायचे. मला लहानपणी वाटायचं की आमच्या घरासमोरचाच रस्ता खराब आहे, म्हणून सगळे तेवढ्यापुरते चालतात. रस्ता चांगला होता, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. ते समजल्यावरही मी घरात कोणाला काही विचारलं नाही. जी गोष्ट आपल्या सोयीची असते तिच्याबद्दल मुलंही प्रश्न विचारत नाहीत.

ह्या माणसाचे वडील आमच्याकडे सालगडी होते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबायचे. पुढे काही वर्षं हे स्वतःही होते. मग ते ऊसतोडीला जाऊ लागले, मग शहरात आले. आमचीही शेती वाटण्या होऊन विरत गेली. गावातलं घर चुलत्यांनी पाडून तिथं दुकानाचे गाळे काढले. त्यात आता एक मोबाईलवाला आणि एक कटिंगवाला बसतो. त्यांच्यासमोरून कोणी उतरत नाही. मालकपण असं सगळीकडून संपलेलं होतं. ते फक्त नाल्याच्या पुलापलीकडे, सकाळच्या वेळी, मी आणि ते समोरासमोर आलो की तेवढ्यापुरतं पुन्हा सुरू व्हायचं.

"मामा, उतरत जाऊ नका हो," मी म्हणालो होतो. एकदा नाही, बऱ्याचदा.

"आता त्यात काय मालक. सवय हाय."

"अहो, शहर आहे हे. इथं कोण मालक?"

"शहर असंना. मी तर तोच हाय न्हवं?"

यावर मी हसायचो आणि पुढे निघायचो. लोकशाहीचं आपलं काम झालं, असं वाटायचं.

खरी गोष्ट अशी की पूल जवळ आला की मी सीटवर जरा ताठ बसू लागलो होतो. शर्टाचं वरचं बटण लावू लागलो होतो. पूर्वी माझा डबा पिशवीत घालून हँडलला लोंबत असायचा; तो मी मागच्या कॅरियरला बांधू लागलो. बायकोला सांगितलं की हँडल जड होतं. मालकाच्या हँडलला भाजीपोळी लोंबू नये, हे कारण मी स्वतःलाही त्या शब्दांत सांगितलं नव्हतं. एकदा कार्यालयातला एक सहकारी मोटारसायकल हळू करून माझ्या बरोबरीने गप्पा मारत चालला होता. त्याच्यादेखत ते उतरले, उभे राहिले, राम राम केला. सहकाऱ्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"कोण हो ते?"

"आमच्या गावचे."

"आन असे उतरतेत?"

"ऐकत नाहीत. कितीदा सांगितलं."

दुपारपर्यंत ही गोष्ट कार्यालयभर झाली. "तुमी तर राजे निघाले की हो! आमी आपलं तुमाला क्लार्क समजायलो," असं एकाने जेवणाच्या सुट्टीत सुनावलं. मी 'छे छे' म्हणालो. पण 'छे छे' म्हणायच्याही तऱ्हा असतात.

घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला ते उतरलेलं गोड लागतंय. डॉक्टरांना विचारून घ्या, चालतं का."

सत्काराला काही आठवडे झाले असतील. सकाळी पुलाच्या अलीकडे एक स्कूटी माझ्यापुढे येऊन आडवी थांबली. चालवणारीने इकडच्या पोरींसारखा चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला होता. फक्त डोळे दिसत होते. ते डोळे माझ्यावर खूश नव्हते.

"काका, थोडं थांबा. मी त्यांची लेक. तुमाला बघून जे उतरतेत ना सायकलवरून, त्यांची."

मी सायकलवरून उतरलो. "अगं, बोल ना."

"तुमी ह्या रस्त्यानं कामून येता?"

"ऑफिसला जातो. का?"

"दुसरा रस्ता न्हाई का ऑफिसला?"

असा प्रश्न मला त्या रस्त्यावर कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत तिने सांगायला सुरुवात केली. बोलणं तयार करून आणलेलं होतं. शब्द कुठं अडत नव्हते.

"त्यांचा उजवा गुडघा गेलाय. त्याच्यावर भार देता येत न्हाई, पाय वर टाकता येत न्हाई. घरी ओट्यावरून सायकलवर बसतेत आन क्लासच्या गेटवर चढावर पाय टेकून उतरतेत. मधी कुठंच उतरत न्हाईत. चौकात गाड्या अडकल्या तर गोल गोल फिरत ऱ्हातेत, पण पाय खाली टेकत न्हाईत. का तर उतरलं की परत बसता येत न्हाई. तुमी दिसले की उतरतेत. मंग सायकल ढकलत, लंगडत पुलापसतोर जातेत. तितल्या कठड्यावर पाय देऊन चढतेत. कठड्यापाशी कुणाची गाडी लावलेली असली तर तसंच उभं."

"मला हे माहीत नव्हतं गं."

"कसं माहीत असंल? तुमी तर पुढं गेलेले असता."

ते एका कोचिंग क्लासच्या गेटवर रक्षक होते. तिथं आल्याबरोबर यंत्रावर अंगठा लावायचा असतो. अंगठ्याला उशीर झाला की यंत्र ते ठेकेदाराला कळवतं; यंत्राला गुडघा, पूल, धाकले मालक यांतलं काही कळत नाही. ठेकेदाराने एकदा ताकीद देऊन झाली होती. म्हाताऱ्या माणसाला गेटवर कशाला ठेवायचं, असं तो आधीपासूनच म्हणत होता.

"ही नोकरी गेली तर ह्या वयात त्यांना कोण ठेवील? ऊस तोडायला तर जाता येत न्हाई आता."

"पण मी त्यांना सांगितलं होतं. उतरू नका म्हणून बऱ्याचदा सांगितलं."

"सांगितलं, मला बोलले ते," ती म्हणाली. "पण हसत सांगितलं."

आणि स्कूटी वळवून निघून गेली.

आयुष्यात माझ्यावर बऱ्यापैकी टीका झालेली आहे. कार्यालयात लेखी, घरी तोंडी. पण दोन शब्दांत इतकं नेमकं कोणी पकडलं नव्हतं. मी हसत सांगितलं होतं. हसत सांगितलेलं 'नको' म्हणजे काय असतं हे पंगतीत वाढणाऱ्या माणसालाही कळतं. तो आणखी एक जिलबी टाकून पुढे जातो.

दुसऱ्या दिवसापासून मी रस्ता बदलला. स्टेशनच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागलो. लांबचा रस्ता होता आणि त्या लांबीचा मला सुरुवातीला अभिमान होता. आपण काहीतरी सोडलं, अशी भावना होती. बायकोला मी ते जरा तपशिलात सांगितलं. ती म्हणाली, "मग आता त्याचाही सत्कार ठेवायचा का?"

स्टेशनच्या रस्त्यावर मी कोणीच नव्हतो. तिथं ऑटो, हातगाडे, गाडीला उशीर झालेली माणसं, आणि सगळे सायकलवाल्यावर खेकसायला मोकळे. एका टेंपोवाल्याने मागून हाक मारली, "ओ सायकल, बाजूला!" मला नाही, सायकलला. मी बाजूला झालो. असं रोज कुठल्या ना कुठल्या तऱ्हेने व्हायचं. त्यात खरं तर काही गैर नव्हतं. शहरात प्रत्येकाचं असंच चालतं. पण मला ते लागू लागलं. आपल्याला कोणीतरी ओळखतं, ही एक बारीकशी ऊब सकाळी अंगावर असायची, ती गेली होती. एके दिवशी मी स्वतःला अशा विचारात पकडलं की आता पुलापलीकडे तो माणूस मला शोधत असेल का.

तो विचार आला त्याच आठवड्यात स्टेशनच्या रस्त्याला एका बाजूने नालीसाठी खोदकाम सुरू झालं. मी लगेच ठरवलं की रस्ता बंद आहे. रस्ता बंद नव्हता. सायकल तर कुठूनही जाते; माझ्यासमोरून दोन शाळकरी पोरी मातीच्या ढिगाऱ्याच्या कडेने सायकली काढून गेल्या. तरी मी मागे वळलो आणि पुलाकडे निघालो.

वाटेत मी एक युक्ती काढली. या वेळी आपणच आधी उतरायचं. ते दिसले की आपण उतरून उभं राहायचं, राम राम घालायचा आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचं. म्हणजे उतराई झाली. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला अशा कल्पना सुचतात आणि त्या फार सुंदर दिसतात.

ते आले. मी लांबूनच उतरलो आणि कडेला उभा राहिलो. मला उभं पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच काळजीत पडला. त्यांनी घाईने ब्रेक दाबला, नेहमीपेक्षाही घाईने उतरले, आणि सायकल ढकलत, लंगडत रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आले.

"काय झालं मालक? पंचर हाय का? द्या हिकडं."

"पंचर नाही मामा. काही नाही. तुम्ही जा."

"मंग उतरले कामून?"

"तुम्हाला बघून उतरलो."

हे वाक्य त्यांना कळलंच नाही. त्यांनी वाकून माझं मागचं चाक दाबून पाहिलं.

"हवा तर हाय," ते म्हणाले.

"मामा, तुम्हाला उशीर होईल. बसा सायकलवर, निघा."

"तुमी उभं ऱ्हाणार आन मी बसून जाऊ? जा तुमी म्होरं. मी येतो."

"तुमचा गुडघा दुखतोय. मी सायकल धरतो, तुम्ही चढा."

मी माझी सायकल लावली आणि त्यांच्या सायकलचं कॅरियर धरलं. ते असे दचकले की जणू मी त्यांच्या पायाला हात लावलाय.

"सोडा मालक. सोडा, सोडा. लोक बघायलेत."

लोक खरंच बघायला लागले होते. पानटपरीवाला हातातलं पान तसंच धरून म्हणाला, "लगीन लागायलंय का काय हितं? आधी तुमी, न्हाई आधी तुमी!" दोनचार जण हसले. मामा रडकुंडीला आले होते. त्यांच्या एका हाताने कॅरियरवरची माझी बोटं सोडवायचा प्रयत्न चालला होता, पण माझ्या हाताला जोराने धरणंही त्यांना जमत नव्हतं. ते एकेक बोट नुसतं हलवून पाहत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिथं आहे तोवर हा माणूस सायकलवर बसणार नाही. मी काहीही म्हणालो, काहीही धरलं तरी नाही. माझ्याकडून होण्यासारखी एकच मदत होती, ती म्हणजे मी तिथून निघून जाणं. मी निघालो. थोडं पुढे जाऊन थांबलो आणि वळून पाहिलं. ते सायकल ढकलत पुलाकडे चालले होते. उजवा पाय न वाकवता बाहेरून फिरवून टाकत होते. कठड्याला लागून एक टेंपो उभा होता. ते टेंपोपाशी जाऊन थांबले आणि टेंपोवाला कुठं दिसतो का ते पाहू लागले. मला परत जाता येत नव्हतं. मी गेलो असतो तर ते तिथंच उभे राहिले असते. मी कार्यालयात गेलो आणि दिवसभर कामाच्या कागदांवर सह्या घेत फिरलो.

संध्याकाळी त्या क्लासच्या गेटवर गेलो. भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे मोठमोठे चेहरे होते. गेटवर दुसराच एक तरुण रक्षक उभा होता.

"मामाला सकाळी लेट झाला. परत धाडलं," तो म्हणाला. "उद्या ठेकेदार ठरवणार म्हणे ठेवायचं का न्हाई. तुमी कोण?"

'त्यांच्या गावचा,' एवढंच मी म्हणालो. घर कुठं आहे ते विचारून घेतलं.

दोन खोल्यांचं घर होतं. मी दारात दिसताच ते खाटेवरून धडपडत उठले. गुडघ्याला काहीतरी लेप लावून फडकं बांधलेलं होतं. घरात एकच खुर्ची होती. ती त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. मुलगी आतल्या दाराशी उभी राहिली. स्कार्फ नसताना ती फार लहान दिसत होती.

"ठेकेदाराशी मी बोलू का?" मी तिला विचारलं.

"नको. मी जाऊन आलेय. एक डाव ठेवतो म्हणला. ह्याच्यापुढं लेट झाला तर न्हाई." मग म्हणाली, "तुमी बोललात तर तो तुमाला बघून ठेवील. त्यांना बघून ठेवलं पायजे."

"मी परत त्या रस्त्याने येणार नाही. मागेही महिनाभर आलोच नव्हतो, तू सांगितल्यापासून. आज चुकलं माझं."

हे ऐकून ते मधेच म्हणाले, "म्हंजी? माझ्यापायी मालकानं रस्ता बदलला?"

मुलीने मान दुसरीकडे वळवली. त्यांना ठाऊक नव्हतं.

"मला वाटलं बीमार पडले. रोज तितं थांबून बघायचो. म्हणलं आज येतेल, उद्या येतेल. लोकायला इचारलं, सायकलवरचे मालक दिसले का म्हणून." मग ते मुलीकडे वळले. "माझ्यापायी मालक लांबून जाणार असतेल तर मला नोकरीच नको. सोडतो मी."

"बघा," मुलगी मला म्हणाली. "आता सांगा."

म्हणजे मी असतानाही त्यांना उशीर होत होता आणि नसतानाही. मी मोठा त्याग समजून स्टेशनच्या धुळीतून फिरत होतो, त्या दिवसांत ते पुलापलीकडे पाय टेकून माझी वाट बघत होते.

"मामा, आधी बसा," मी म्हणालो.

ते उभेच राहिले. खुर्चीच्या पाठीला धरून, दुखरा पाय उचलून.

"बसा ना. पाय दुखतोय तुमचा."

"असू द्या मालक. तुमी बोला."

मी आणखी एकदा म्हणालो. मग एकदा विनवणी केली. 'मामा' आणि 'बसा' हे शब्द त्यांच्या कानाशी येत होते आणि परत जात होते. हे शब्द आमच्या घरातून त्यांच्याकडे कधी गेलेच नव्हते. माझ्यापेक्षा वयाने मोठा असलेला तो माणूस एका पायावर उभा होता, मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडलं.

"बस खाली."

ते बसले. लगेच, खाटेच्या कडेवर, हात गुडघ्यांवर ठेवून.

तो आवाज माझ्या वडिलांचा होता. मी तो कधी वापरला नव्हता. तो माझ्याकडे आहे हेही मला ठाऊक नव्हतं. पण तो निघाला आणि थांबला नाही.

"हे बघ. उद्यापासून रस्त्यात उतरायचं नाही. मी दिसलो तरी नाही. माझ्याकडे बघायचं नाही, राम राम करायचा नाही, सरळ पुढे जायचं. मी कुठल्या रस्त्याने येतो ते मी बघेन. ऐकलंस का? पुन्हा उतरलास तर बघ."

"जी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा आला की तो मला बघवेना. इतक्या दिवसांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच त्यांना कळेल असं बोललो होतो.

मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. चांगलं नाही तर वाईट. ती म्हणाली, "आता न्हाई उतरणार ते." आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच रस्त्याने गेलो. गेलो नसतो तर त्यांनी पुन्हा वाट पाहिली असती. पुलापलीकडे ते आले. मान ताठ, नजर समोरच्या रस्त्यावर खिळलेली, टोपी डोक्यावर घट्ट. ते माझ्या बाजूने निघून गेले. त्यांनी पाहिलं नाही. पायडल मारताना त्यांचे ओठ दाबलेले होते, म्हणजे त्यांनी मला पाहिलेलं होतं.

आणि माझे कान तापले. खोटं कशाला लिहू. जे पहिलं मनात आलं ते असं की, बघितलंसुद्धा नाही. मी सांगितलं होतं तसं, अक्षरशः तसं त्यांनी केलं होतं, आणि तरीही पुलापासून दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत मी अपमान झालेल्या माणसासारखी सायकल चालवली. मग बऱ्याच वेळाने लाज वाटली. ती अजून गेलेली नाही. रोज सकाळी ते जातात, मी आधी दुखावतो आणि मग लाजतो. हा क्रम काही केल्या उलटत नाही.

त्यांची नोकरी टिकली. मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरला असते; माझ्या शुगरच्या गोळ्या मी आता तिथंच घेतो. ती पाकीट पुढे सरकवते, कधी मी न विचारता सांगते, "उशीर होत न्हाई आता." मी 'बरं झालं' म्हणतो. तिच्यासमोर मी हसत नाही.

मध्यंतरी मी एकदा त्यांना बघून हात वर केला. घंटीही वाजवली. त्यांनी पायडलवर जोर दिला आणि सायकल पळवली, कोणी परीक्षा घेत असावं तशी. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "मग सांगून टाका ना त्यांना, सायकलवरूनच हात केला तर चालतो म्हणून. त्यात काय एवढं?"

तिचं बरोबर आहे. सांगायला हरकत काहीच नाही. फक्त ते ऐकतील अशा आवाजात सांगावं लागेल, आणि तो आवाज मला आता सहज काढता येईल असं वाटतं. म्हणून मी अजून सांगितलेलं नाही.